रिमिनी: घडवलेल्या किनाऱ्याचे शहर

रिमिनी हे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राला लागून वसलेले शहर आहे. बोलोन्याहून निघालेली आगगाडी साधारण तासाभरात तिथे पोहोचते आणि रेल्वे स्थानकाच्या दोन्ही अंगांना दोन निरनिराळी गावे भेटतात. रुळांच्या एका बाजूला रोमन कमान, मध्ययुगीन चौक आणि विटांचा किल्ला आहे. दुसऱ्या बाजूला हॉटेलांच्या रांगा आणि त्यांच्यापुढे सुमारे पंधरा किलोमीटर लांबीची पुळण पसरलेली आहे. पहिले गाव इ. स. पूर्व २६८ मध्ये वसले, तर दुसऱ्याची सुरुवात १८४३ सालची आहे. समुद्रासाठी येणारे बहुतेक लोक रूळ ओलांडून जुन्या गावात जात नाहीत आणि इतिहासासाठी येणाऱ्यांना छत्र्यांच्या गर्दीत पाहण्यासारखे काही वाटत नाही. माझ्या मते ही दोन्ही गावे एकत्र पाहिल्याशिवाय रिमिनी समजत नाही, कारण इथला किनारा हीदेखील रोमन पुलासारखीच माणसांनी ठरवून उभारलेली आणि पिढ्यानपिढ्या दुरुस्त करत आणलेली रचना आहे.

जुन्या शहरापासून सुरुवात करू. रोमन लोकांनी ‘अरिमिनुम’ नावाने ही वसाहत स्थापन केली, तेव्हा त्यांचे लक्ष समुद्रापेक्षा रस्त्यांवर अधिक होते. एपेनाइन पर्वताची रांग इथे समुद्राच्या अगदी जवळ येते आणि तिच्या उत्तरेला पो नदीचे विस्तीर्ण, सुपीक मैदान सुरू होते. त्यामुळे या ठिकाणावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती उत्तरेचे दार असे. रोमहून येणारा फ्लामिनिया मार्ग इ. स. पूर्व २२० मध्ये इथवर पोहोचला आणि इ. स. पूर्व १८७ मध्ये इथूनच पियाचेन्झाकडे जाणारा एमिलिया मार्ग सुरू झाला. आजच्या एमिलिया-रोमान्या प्रांताच्या नावातला पूर्वार्ध याच रस्त्यावरून आलेला आहे. इ. स. पूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरने आपल्या सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून यादवी युद्धाला तोंड फोडले, तेव्हा त्याने प्रथम ताब्यात घेतलेले शहर हेच होते.

या दोन मार्गांच्या टोकांना उभ्या असलेल्या दोन वास्तू आजही जागेवर आहेत. फ्लामिनिया मार्ग जिथे शहरात शिरतो, तिथे इ. स. पूर्व २७ मध्ये उभारलेली ऑगस्टस सम्राटाची कमान आहे. आज टिकून असलेल्या रोमन कमानींपैकी ही सर्वांत जुन्यांतली मानली जाते. तिचे मुख इतके रुंद आहे की त्याला दरवाजे बसवणे अवघड होते. आता शांतता नांदते आहे, वेस बंद करण्याची गरज उरलेली नाही, हे त्यातून सांगायचे होते असा अर्थ लावला जातो. शहराच्या दुसऱ्या टोकाला मारेक्किया नदीवरचा पाच कमानींचा दगडी पूल आहे. ऑगस्टसच्या अखेरच्या काळात, इ. स. १४ मध्ये, त्याचे काम सुरू झाले आणि तिबेरियस सम्राटाच्या कारकिर्दीत, इ. स. २१ मध्ये, ते पूर्ण झाले, म्हणून तो तिबेरियसचा पूल म्हणून ओळखला जातो. अगदी अलीकडेपर्यंत या पुलावरून मोटारी धावत होत्या. आता तो पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखून ठेवला आहे. नदीचा मुख्य प्रवाह विसाव्या शतकात दुसरीकडे वळवल्यामुळे पुलाखालचे पाणी आता जवळजवळ स्थिर असते. पूल ओलांडला की सान जुलियानो ही कोळ्यांची जुनी वस्ती लागते. तिथल्या बुटक्या, रंगीत घरांच्या भिंतींवर मोठी चित्रे काढलेली आहेत आणि संध्याकाळी फिरण्यासाठी शहरात त्याहून चांगली जागा नाही.

रोमन काळातले सर्वांत विलक्षण स्थळ मात्र १९८९ मध्ये, फेरारी चौकातल्या कामाच्या वेळी उजेडात आले. इथे उत्खननात एका रोमन शल्यचिकित्सकाचे घर सापडले. तिसऱ्या शतकाच्या मध्याला आग लागून ते कोसळले आणि त्यातले सारे सामान ढिगाऱ्याखाली जसेच्या तसे गाडले गेले. चिमटे, हाडांवरच्या शस्त्रक्रियेची हत्यारे, दात काढण्याची पकड, औषधे कुटण्याचे खल अशी दीडशेहून अधिक उपकरणे तिथे मिळाली. एकाच ठिकाणी सापडलेल्या रोमन वैद्यकीय उपकरणांचा इतका मोठा संच दुर्मीळ आहे. घराची जोती आणि मोझेकची जमीन काचेच्या छताखाली जागेवरच जपली असून ती २००७ पासून लोकांना पाहता येते. उपकरणे शेजारच्या नगर संग्रहालयात आहेत. रिमिनीत फक्त एकच जुनी गोष्ट पाहण्याइतका वेळ असेल, तर मी हे घर सुचवेन.

मध्ययुगात शहराची सत्ता मालातेस्ता घराण्याकडे गेली. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडात ज्या पाओलो आणि फ्रान्चेस्का यांची शोकांतिका सांगितली आहे, त्यांतला पाओलो याच घराण्यातला होता. पंधराव्या शतकातला सिजिस्मोन्दो मालातेस्ता हा भाडोत्री सैन्याचा सेनापती होता आणि त्याच्यावर पोप दुसरे पायस इतके संतापले की १४६२ मध्ये रोममध्ये त्याच्या पुतळ्याचे दहन करण्यात आले. हाच माणूस कलेचा मोठा आश्रयदाताही होता. त्याने जुन्या सान फ्रान्चेस्को चर्चला नवे रूप देण्याचे काम लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती या वास्तुविशारदाकडे सोपवले. अल्बेर्तीने जुन्या विटांच्या इमारतीभोवती पांढऱ्या दगडाचे नवे कवच उभे केले आणि त्याच्या दर्शनी भागासाठी काही मिनिटांच्या अंतरावरच्या ऑगस्टसच्या कमानीचा आदर्श घेतला. सिजिस्मोन्दोचे दिवस फिरल्यावर काम थांबले. दर्शनी भागाचा वरचा हिस्सा आजही अर्धवट आहे आणि नियोजित घुमट कधी बांधलाच गेला नाही. आत ज्योत्तोने रंगवलेला क्रूस आणि पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे १४५१ चे भित्तिचित्र आहे. पुढे हे शहर पोपच्या राज्यात गेले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत, नेपोलियनचा काळ वगळता, तिथेच राहिले.

इतक्या शतकांत समुद्राशी शहराचा संबंध बंदरापुरता आणि मासेमारीपुरताच होता. समुद्रात मौजेसाठी उतरणे ही कल्पना तेव्हा युरोपात फारशी रूढ नव्हती. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी थंड खाऱ्या पाण्याचे स्नान औषधासारखे सुचवायला सुरुवात केली आणि हा विचार हळूहळू खंडभर पसरला. रिमिनीत तो रुजवला रुज्जेरो आणि अलेस्सान्द्रो बाल्दिनी या दोन सरदार बंधूंनी. क्लाउदियो तिन्तोरी या डॉक्टरांना सोबत घेऊन त्यांनी जुलै १८४३ मध्ये समुद्रस्नानाचे पहिले केंद्र सुरू केले. तिथे येणारे लोक प्रकृतीसाठी येत, स्नान नेमाने आणि सल्ल्याबरहुकूम करत आणि अंगभर कपडे घालूनच पाण्यात उतरत. आज दिसणारे उन्हात पडून राहणे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते, कारण रापलेली कातडी ही शेतात आणि होड्यांवर राबणाऱ्यांची खूण समजली जात होती.

या उद्योगाला इथला भूगोल अनुकूल ठरला. एड्रियाटिकचा उत्तर भाग उथळ आहे आणि पो व एपेनाइनमधून येणाऱ्या नद्यांनी त्यात शतकानुशतके गाळ आणि बारीक वाळू आणून टाकली आहे. त्यामुळे इथे समुद्रात बरेच आत गेले तरी पाणी कमरेपर्यंतच राहते, भरती-ओहोटीचा फरक थोडा असतो आणि लाटा उन्हाळ्यात सहसा सौम्य असतात. पोहता न येणाऱ्यांना आणि लहान मुलांना असा समुद्र सोयीचा पडतो. यात माणसाचाही वाटा आहे. इथला किनारी प्रवाह वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतो. बंदराचे धक्के समुद्रात लांबवले गेले, तशी ती वाळू त्यांच्या दक्षिणेला अडू लागली. म्हणून बंदराच्या दक्षिणेची पुळण रुंद होत गेली, तर उत्तरेच्या विसेर्बासारख्या वस्त्यांसमोर वाळू कमी पडून किनारा झिजू लागला आणि तिथे पाण्यात दगडी बांध घालावे लागले. नकाशात दोन्ही बाजूंची तुलना केली की हा फरक चटकन लक्षात येतो.

१८६१ मध्ये बोलोन्या ते अंकोना रेल्वेमार्ग सुरू झाला आणि उत्तरेतल्या शहरांतून इथे येणे सोपे झाले. हाच मार्ग जुने शहर आणि समुद्र यांच्यामधून गेला व दोन्हींची विभागणी त्याने कायमची करून टाकली. त्याआधीच, १८५७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन स्नानाच्या हंगामात, शहराचे नवे नाट्यगृह ज्युसेप्पे वेर्दी यांच्या ‘आरोल्दो’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाने उघडले होते. १८७३ मध्ये किनाऱ्यावर कुर्साल उभे राहिले, ज्यात स्नानाची सोय, नृत्यदालने आणि भेटीगाठींच्या जागा होत्या. १९०८ मध्ये वास्तुविशारद पाओलो सोमाझ्झी यांनी बांधलेले ग्रँड हॉटेल सुरू झाले. त्याचे दोन मोठे घुमट १९२० च्या आगीत जळाले आणि पुन्हा बांधले गेले नाहीत. उरलेली शुभ्र इमारत आजही हॉटेल म्हणून चालते. या साऱ्या काळात किनारा श्रीमंतांचाच होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फॅसिस्ट राजवटीने कामगारांच्या मुलांसाठी समुद्राकाठी मोठमोठी वसतिगृहे बांधली आणि तिथे मुलांना हवापालटासाठी, त्याबरोबरच शिस्तीचे आणि निष्ठेचे धडे देण्यासाठी आणले जाई. जहाजासारख्या किंवा कारखान्यासारख्या दिसणाऱ्या या इमारतींपैकी कित्येक आज ओस पडल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने रिमिनी जवळजवळ पुसून टाकले. एपेनाइनच्या डोंगरांतून आखलेली ‘गॉथिक लाइन’ ही जर्मन संरक्षणफळी इथेच समुद्राला येऊन भिडत होती. नोव्हेंबर १९४३ पासून दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी शहरावर शेकडो वेळा बॉम्बफेक केली आणि बहुसंख्य इमारती पडल्या किंवा मोडकळीला आल्या. वेर्दींचे नाट्यगृहही १९४३ च्या डिसेंबरात उद्ध्वस्त झाले. १६ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सत्तेला विरोध करणाऱ्या तीन तरुणांना मुख्य चौकात फाशी देण्यात आले. जिथे रोमन काळचा चौक होता, त्याच जागेला आता तीन हुतात्म्यांचा चौक म्हणतात. २१ सप्टेंबर १९४४ रोजी ग्रीक आणि कॅनेडियन तुकड्यांनी शहरात प्रवेश केला. माघार घेताना जर्मन सैन्याने नदीवरचे पूल उडवले होते, पण तिबेरियसचा पूल शिल्लक राहिला.

या लढाईत भारतीय सैनिकही होते, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. सप्टेंबर १९४४ मध्ये चौथी भारतीय डिव्हिजन रिमिनीच्या मागच्या डोंगरांत, सान मारिनोच्या परिसरात लढत होती. सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा युद्ध दफनभूमी आहे आणि ज्या भारतीय सैनिकांना अग्नी देण्यात आला, त्यांच्यासाठी तिथेच स्मारक आहे. पुढच्या वसंतात, ९ एप्रिल १९४५ रोजी, रिमिनीच्या वायव्येला असलेल्या सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले, शत्रूच्या मशीनगन निकामी केल्या आणि नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या जवानाचे शौर्य ज्या भूमीवर घडले, ती रिमिनीहून फार दूर नाही, आणि तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने त्या दफनभूमीसाठी अर्धा दिवस काढणे मला योग्य वाटते.

युद्धानंतर ढिगाऱ्यांच्या जागी जे शहर उभे राहिले, ते घाईने आणि फारसे सुंदर नसलेल्या पद्धतीने बांधलेले आहे, हे मान्य करावे लागेल. पण ते बांधले कोणी, हे महत्त्वाचे आहे. कोळी, शेतमजूर आणि छोटे कारागीर यांनी साठवलेले आणि कर्जाऊ घेतलेले पैसे घालून दहा-वीस खोल्यांची घरगुती निवासगृहे काढली. घरातली बाई स्वयंपाकघर सांभाळी, नवरा हिशेब आणि सामान पाही, मुले जेवण वाढत आणि राहण्यासह तिन्ही वेळचे खाणे एकाच दरात मिळे. त्यामुळे मिलानच्या आणि तुरिनच्या कारखान्यांतल्या कामगारांना, तसेच जर्मनीतल्या मध्यमवर्गाला, आयुष्यात प्रथमच समुद्रकाठची सुट्टी परवडू लागली. १९५० आणि १९६० च्या दशकांत श्रीमंतांचा हा किनारा सर्वांचा झाला. रिमिनीच्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आजही शहरात हजाराच्या आसपास हॉटेले आहेत आणि त्यांतली पुष्कळशी एकेका कुटुंबाच्या हातात आहेत.

पुळणीवरची व्यवस्था प्रथम पाहणाऱ्याला गोंधळात टाकते, म्हणून ती थोडी उलगडून सांगतो. संपूर्ण किनारा ‘बान्यो’ नावाच्या पट्ट्यांमध्ये विभागलेला असून प्रत्येक पट्ट्याला क्रमांक आहे. एका पट्ट्यात एकाच रंगाच्या छत्र्या ओळीने रोवलेल्या असतात. त्यांच्याखाली पडायच्या खुर्च्या, मागे कपडे बदलण्याच्या खोल्या, न्हाणीघरे आणि मुलांची खेळणी असतात. पट्टा चालवणाऱ्याला ‘बान्यिनो’ म्हणतात. छत्री दिवसासाठी, आठवड्यासाठी किंवा अख्ख्या हंगामासाठी भाड्याने मिळते. पाण्याजवळच्या पहिल्या ओळीचा दर सर्वांत जास्त असतो आणि मागे जावे तसा तो उतरतो. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच ओळीतली तीच छत्री घेतात, त्यामुळे शेजारच्या छत्रीतल्या मंडळींशी घरोबा जमतो. बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षकांची व्यवस्था वेगळी असते. ते उंच मचाणावर बसतात आणि त्यांच्याजवळ लाल रंगाची वल्ह्यांची जोडहोडी तयार असते. पाण्यालगतच्या वाळूच्या अरुंद पट्टीवर कोणालाही छत्री रोवता येत नाही आणि तिथून चालण्याचा व पाण्यात उतरण्याचा हक्क सर्वांना आहे. भाडे न देता चटई पसरून बसता येईल अशा मोकळ्या जागाही आहेत, मात्र त्या मोजक्याच.

या भरभराटीला १९८९ च्या उन्हाळ्यात मोठा धक्का बसला. एड्रियाटिकमध्ये सूक्ष्म शैवालांनी तयार केलेला बुळबुळीत, तपकिरी फेस मैलोन्‌मैल पसरला. तो विषारी नव्हता, पण त्यात उतरायला कोण धजणार? लोकांनी येणे टाळले आणि शहराचे उत्पन्न एकाएकी आटले. पो नदीतून खतांचे आणि सांडपाण्याचे घटक वर्षानुवर्षे समुद्रात येत होते आणि त्यामुळे शैवाल बेसुमार वाढण्याचे प्रकार आधीपासून घडत होते. या प्रश्नाकडे तेव्हापासून अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. केवळ समुद्रावर विसंबून चालणार नाही हे शहराच्या लक्षात आले. २००१ मध्ये नवे प्रदर्शन संकुल सुरू झाले आणि हिवाळ्यातही हॉटेले भरू लागली. २०१३ पासून सांडपाण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली, कारण जोराच्या पावसात गटारांचे पाणी थेट किनाऱ्यावर येई आणि स्नानावर बंदी घालावी लागे. केनेडी चौकाखाली प्रचंड टाक्या बांधून हे पाणी अडवण्याची सोय केली आहे आणि त्यांच्यावरच समुद्र पाहण्याचा सज्जा उभारला आहे. किनाऱ्यालगतच्या मोटारींच्या रस्त्याच्या जागी आता टप्प्याटप्प्याने झाडे, बाके आणि चालण्याच्या वाटा आल्या आहेत.

चित्रपट दिग्दर्शक फेदेरिको फेल्लिनी यांचा जन्म २० जानेवारी १९२० रोजी याच शहरात झाला. ‘आमार्कोर्द’ या त्यांच्या १९७३ च्या चित्रपटात रिमिनीतल्या बालपणाच्या आठवणी आहेत, पण त्याचे चित्रण बहुतांशी रोमच्या स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यांत झाले. तरुणपणी शहर सोडून गेलेल्या फेल्लिनींना शहराने मात्र जवळ ठेवले आहे: विमानतळाला त्यांचे नाव आहे, ज्या फुल्गोर चित्रपटगृहात त्यांनी लहानपणी सिनेमे पाहिले ते पुन्हा सुरू झाले आहे आणि २०२१ मध्ये मालातेस्तांच्या किल्ल्यात त्यांचे संग्रहालय उघडले. पंचाहत्तर वर्षे पडीक राहिलेले वेर्दींचे नाट्यगृहही २०१८ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झाले. म्हणजे किनाऱ्याने मिळवलेला पैसा आणि आत्मविश्वास आता रुळांपलीकडच्या गावाकडे वळतो आहे.

खाण्यात पियादिना चुकवू नये. मैद्यात डुकराची चरबी आणि मीठ घालून मळलेली ही बिनखमिराची पोळी तव्यावर भाजतात. रिमिनीकडची पोळी आकाराने मोठी आणि पातळ असते. तिच्यात स्क्वाक्वेरोने नावाचे मऊ चीज आणि पालेभाजी भरून घेता येते, पण चरबीमुळे शाकाहारी मंडळींनी आधी चौकशी करावी; ऑलिव्ह तेलातली पियादिनाही पुष्कळ ठिकाणी मिळते.

या किनाऱ्यापुढचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न कायद्याचा आहे. इटलीत समुद्रकिनारा सरकारी मालमत्ता आहे आणि तो विकता येत नाही. बान्यो चालवणारे फक्त परवानाधारक आहेत, पण हे परवाने अनेक दशके आपोआप वाढत गेले आणि वारशाने पुढच्या पिढीकडे आले. युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशानुसार अशा मर्यादित सार्वजनिक जागा खुल्या स्पर्धेतूनच द्यायला हव्यात. इटलीतली सरकारे ही गोष्ट पुढे ढकलत राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आपोआप मिळणाऱ्या मुदतवाढी बेकायदा ठरवल्या आणि २०२४ मध्ये सरकारने परवान्यांची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत नेऊन तोवर निविदा काढण्याचे ठरवले. ऑगस्ट २०२४ मध्ये किनारपट्टीवरच्या अनेक चालकांनी एका सकाळी दोन तास छत्र्या मिटलेल्या ठेवून निषेध केला. सार्वजनिक मालमत्ता कायम त्याच घराण्यांकडे का राहावी, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपन्यांपुढे ही कुटुंबे टिकणार नाहीत, ही त्यांची भीतीही खोटी नाही. मला असे वाटते की निविदा काढताना केवळ सर्वाधिक बोली पाहण्याऐवजी स्थानिक अनुभव, कामगारांची काळजी आणि मोकळ्या पुळणीचे प्रमाण यांनाही गुण द्यावेत, म्हणजे १९५० च्या दशकात सर्वांसाठी खुला झालेला हा किनारा पुढेही साध्या माणसाच्या आवाक्यात राहील.